फ्लॅट 'स्टेज' करायला दिला आणि नळ बदलून गेले

नवा कोरा फ्लॅट विकायला काढला की हल्ली एजंटचा पहिला सल्ला असतो, "रिकामा दाखवू नका, स्टेजिंग करून घ्या." भाड्याचं फर्निचर आणायचं, पडदे, दिवे, दोन-चार कुंड्या लावायच्या, फोटो काढायचे आणि गिऱ्हाइकाला सजलेलं घर दाखवायचं. यात वावगं काही नाही, हे काम नीट करणारी माणसंही आहेत. आम्हाला भेटलेल्या माणसाने खरा हात मारला तो फर्निचर यायच्या आधी, 'तयारी'च्या नावाखाली. म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लॅट पुण्याजवळ पुनावळ्याला, टू बीएचके. आम्ही राहतो नाशिकला, त्यामुळे पझेशननंतर किल्ली एजंटकडेच होती. या माणसाचा नंबरही एजंटनेच दिला. कोटेशन व्हॉट्सॲपवर, एका ओळीचं: 'टू बीएचके स्टेजिंग, तयारीसकट, 85,000'. निम्मे आधी, वर फर्निचरचं डिपॉझिट 20,000. पैसे यूपीआयने, तेही कुणा तिसऱ्याच्याच नावावर. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, बिल घेतलंत तर जीएसटीचे 18 टक्के वाढतील, उगाच कशाला?" हे वाक्य कानावर आलं की तिथेच थांबा. जीएसटी नंबर खरा आहे का, हे सरकारी पोर्टलवर मिनिटभरात दिसतं.

तयारीत काय काय येतं, तर म्हणे डीप क्लीनिंग, ग्राउटचे (टाइल्सच्या फटींतल्या भरावाचे) डाग काढणं, भिंतींना टच-अप, 'किरकोळ प्लंबिंग'. त्या किरकोळमध्येच सगळं दडलं होतं. चार दिवसांनी फोटो आले आणि खरं सांगते, घर देखणं दिसत होतं. मास्टर बेडरूमच्या एका भिंतीला गडद हिरवा वॉलपेपर, पुढे पलंग, पलंगावर पाच उशा.

पहिलंच गिऱ्हाईक चांगलं होतं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या मिसेस. मी मुद्दाम नाशिकहून आले होते. काका म्हणाले, "जरा आडवा होऊन बघतो." झाले, आणि पाय घोट्यापासून पलंगाबाहेर. त्यांनी खिशातून टेप काढली. पलंग साडेपाच फूट लांबीचा! नेहमीची गादी सव्वासहा-साडेसहा फुटांची असते. खोली मोठी भासावी म्हणून मुद्दाम आखूड बनवून घेतलेला तो पलंग होता. सोफाही तसाच, बुटका आणि अरुंद. काकांनी मग वॉलपेपरवर बोटाच्या पेराने टकटक केली, खाली वाकून स्कर्टिंगवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, इथे ओल आहे. तुम्हाला माहीत नव्हती?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

वॉलपेपरचा कोपरा सोडवला तर आत ताजी पुट्टी, अजून दमट, नखाने निघणारी. ही भिंत बाथरूमला लागून. ओल बिल्डरच्या कामातली होती, स्टेजिंगवाल्याने ती दुरुस्त न करता झाकली. दुरुस्ती त्याच्या कामात धरलेली नव्हतीच, पण निदान सांगायला तोंड होतं.

बिल्डरच्या साइट ऑफिसला कळवलं. त्यांचा प्लंबर लाइन बघायला आला, बेसिनखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आमचे अँगल कॉक नाहीत." म्हणजे बेसिनखालच्या पाण्याच्या छोट्या तोट्या. बिल्डरने दिलेले पितळेचे, हातात घेतले तर वजन जाणवणारे. हे क्रोमचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. मग एकेक बघत गेलो: दोन्ही बाथरूममधले डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारे), हेल्थ फॉसेट (टॉयलेटजवळचा जेट), किचनच्या सिंकचा नळ, सगळे बदललेले. दिसायला हुबेहूब, लोगोसुद्धा त्याच जागी, फक्त अक्षरं जरा जाड. साफसफाईच्या दिवसांत किल्ली स्टेजिंगवाल्याकडे होती, विचारणारं कुणी नव्हतं.

मनस्ताप खरा पुढे. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे पझेशनपासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण आमच्या करारनाम्यात, पुण्यातल्या पुष्कळ करारनाम्यांत असतं तसं, एक कलम होतं: लेखी परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरफार केले तर ही जबाबदारी संपते. साइट ऑफिसने तेच पुढे केलं. तुम्ही बाहेरचा माणूस आणून भिंतीवर काम केलंत, नळ बदललेत, आता आमच्याकडे येऊ नका. चोरी एकाने केली आणि वॉरंटी आमची गेली.

वाचलो ते चुलतदिराच्या हौसेमुळे. पझेशनच्या दिवशी त्याने मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढला होता, सासूबाईंना दाखवायला. त्यात त्याच भिंतीच्या तळाशी पिवळसर पट्टा दिसतो आणि बाथरूममधले मूळ नळही दिसतात. तो जोडून रीतसर ईमेल केली, रेराच्या कलम 14(3) चा उल्लेख केला, तेव्हा बिल्डरने बाथरूम खोदून वॉटरप्रूफिंग पुन्हा करून दिलं. नळ नाही दिले आणि ते बरोबरच आहे.

तर स्टेजिंगवाल्याला किल्ली द्यायच्या आधी रिकाम्या घराची स्नॅग लिस्ट, म्हणजे दोषांची यादी, करा आणि बिल्डरला ईमेलने पाठवा. बाथरूममध्ये पाणी तुंबवून 24 तास ठेवा, पलीकडची भिंत बघा. टाइल्स नाण्याने वाजवून पोकळ कुठे आहेत ते टिपा. प्रत्येक नळाचा, स्विचचा जवळून फोटो काढा आणि त्या यादीवर स्टेजिंगवाल्याची सही घेऊनच किल्ली द्या. टच-अप आणि प्लंबिंग स्टेजिंगवाल्याला करूच देऊ नका, ते बिल्डरकडून करून घ्या. फर्निचरची लांबी-रुंदी कोटेशनमध्ये लिहून मागा, नाहीतर आखूड पलंगाची बदनामी तुमच्या नावावर जमा होते.

डिपॉझिटचं सांगायचं राहिलं. फर्निचर उचलून नेल्यावर त्याने टेबलावरच्या ओरखड्याचा फोटो पाठवला आणि 20,000 कापले. फोटोत टेबलाखाली लाकडी छटेच्या टाइल्स दिसत होत्या. आमच्या घरात सगळीकडे आयव्हरी व्हिट्रिफाइड. हे विचारल्यावर नंबर ब्लॉक.

पोलीस चौकीत आधी 'हे दिवाणी प्रकरण आहे' असंच ऐकायला मिळालं. बिल्डरची फिटिंग्जची यादी आणि व्हिडिओ दाखवल्यावर नळांपुरता अर्ज घेतला. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर बोलले होते, त्यांनी कागद कसे लावायचे ते नीट समजावलं. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं ते एका ओळीचं कोटेशन आणि ओरखड्याचा फोटो, तिन्ही जोडले आहेत. एजंट म्हणतो, त्याचा यात काही संबंध नाही. तक्रारीत त्यालाही सामनेवाला केलं आहे.