हप्त्यावर नवी बाइक की रोखीत जुनी स्कूटर?

भाच्याला इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला पहिली नोकरी लागलीय. रामबागेतून रोज जायचं, म्हणून हा पेच.

आधी खर्च. शोरूमवाला ‘फक्त 10 टक्के’ म्हणाला की व्याजदर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, आहे का ते विचारावं. असेल तर 1 लाखावर 3 वर्षांत 30,000 व्याज, महिन्याला 3,611 रुपये. हप्त्यागणिक घटत्या मुद्दलावर मोजलं तर दर 18 टक्क्यांच्या आसपास जातो! वर नव्या दुचाकीचा 5 वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा एकदम भरायचा. जुन्या स्कूटरचा वर्षावर्षाचा चालतो. तिथे फॉर्म 29, 30 भरून नाव चढवायचं आणि आरसीवर (नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा नाही ना, ते बघायचं.

टिकायला बाइक सरस, वादच नाही. स्कूटरचे टायर, बॅटरी असं काहीतरी निघतंच. ओळखीच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पण उद्या पुण्याची नोकरी आली तर? कर्ज फेडून बँकेची एनओसी (ना-हरकत) आणल्याशिवाय बाइक विकता येत नाही. स्कूटर विकून मोकळं होता येतं.

इंदूरातच राहायचं पक्कं असेल, हप्ता पगारात सहज बसत असेल, त्याने बाइक घ्यावी. नोकरी बदलायची किंवा पुढच्या कोर्सची फी साठवायची असेल त्याला स्कूटर. सराफ्याच्या खाऊगल्लीत मिरवायचं म्हणाल तर रात्री तिथे सगळे पायीच!