‘पुरातली गाडी आहे’ म्हणत ४३०० रुपयांना टोपी घातली

चिपळूण आणि आसपासच्या बाईकवाल्यांनी हे वाचाच, जरा मोठं झालंय पण वाचा.

माझी दीडशे सीसीची गाडी, २०१६ची. २२ जुलै २०२१ च्या पुरात अख्खी पाण्याखाली होती. नंतर खोलून साफ केली, ऑइल दोन-तीनदा बदललं आणि दोन वर्षं काही त्रास नाही. २०२३च्या पावसात मात्र हिची नाटकं सुरू झाली. सेल्फ मारला की कधी झटक्यात चालू, कधी सीटखालून नुसतं ‘टक्’. परत दाबा, परत टक्. किक मारली की पहिल्या किकेत चालू. मी लोट्याला कामाला, पहिली शिफ्ट असली की पहाटे रेनकोट घालून किका मारत बसायचं. आणि गॅरेजला नेली की हमखास सेल्फवर चालू, दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसं.

गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही) पहिलाच प्रश्न विचारला, पुरातली का? हो म्हटलं आणि तिथेच मी फसलो. कारण मग काहीही सांगितलं तरी आपल्याला पटतं. आधी बॅटरी गेली म्हणाला, २२०० घेतले, बिल नाही, वॉरंटी कार्डवर तारीख नाही, ‘दादा मी बसलोय ना इथे’. आठ दिवसांनी परत टक्. मग रिले (सेल्फ मोटरला करंट सोडणारा स्विच), ५०० रुपये. मग सेल्फ मोटर खोलून कार्बन (आतले ब्रश) बदलले म्हणून १६००. तीन वेळा गाडी ठेवली, एकदाही व्होल्ट मोजायचा मीटर लावलेला मी बघितला नाही, आणि जुना पार्ट मागितला की ‘भंगारात गेला’. चौथ्यांदा म्हणतो पूर्ण वायरिंग आतून सडलंय, साडेसहा हजार. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

खेडला मामाच्या ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर रिक्षा-टेम्पोचं वायरिंग केलेलं. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘टक् होतं तेव्हा ब्रेकचा दिवा मंद होतो का रे?’ मी बघितलंच नव्हतं. दाबत राहिलो, सातव्या-आठव्या वेळी टक् झालं, दिवा तस्साच ठणठणीत. बॅटरी बसली असती तर दिवा मरगळला असता म्हणे. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला लावली आणि म्हणाले मार सेल्फ. परत टक्, मीटरवर ११च्या आसपास व्होल्ट! तिथे पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको. म्हणजे बॅटरीचा सगळा जोर वाटेतल्या एका जोडातच अडकत होता, मोटरपर्यंत काही पोचतच नव्हतं. मायनसपासून इंजिनला वेगळी जाड वायर जोडली तर सेल्फ लगेच फिरला.

इंजिनला मायनसची वायर जिथे बोल्टने आवळतात तो बोल्ट काढला तर खाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड आणि गंज. दिवा, हॉर्न यांना करंट थोडाच लागतो आणि त्यांची अर्थिंग (मायनसची वायर) वेगळी, म्हणून ते चालत होते, सेल्फला मात्र बराच करंट लागतो. गाडी हादरली की जोड कधी टेकायचा कधी नाही, म्हणून कधी चालू कधी बंद. पॉलिश पेपरने घासलं, आवळलं, वरून ग्रीस, झालं. परत मोजलं तर ०.१५.

पैसे घेतलेच नाहीत काकांनी, चहा मात्र त्यांनीच पाजला.

चहा पिताना त्यांनी सेल्फ मोटरकडे बोट दाखवलं. स्क्रूंच्या खाचांत आपली तांबडी माती सुकून घट्ट बसलेली, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागला नव्हता, कार्बन कसले बदलतो! मग मला बॅटरीचाही संशय आला म्हणून त्याच ब्रँडच्या डीलरकडे नंबर दाखवला, तर ती दीड वर्षापूर्वीच दुसऱ्या कोणालातरी विकलेली, पुसून, चार्ज करून माझ्या गळ्यात मारली.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर ‘बिल दाखवा’ म्हणतो. ग्राहकांसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, पण फोन करून सांगणार काय, हातात कागदाचा चिटोरासुद्धा नाही. तेव्हा बिल आणि जुना पार्ट पैसे द्यायच्या आधी मागा, आणि मीटर न लावता कोणी बॅटरी बदला म्हणाला तर चावी परत घ्या.

माझी मूळची बॅटरी तर चांगलीच होती. बहुतेक ती आता दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत ‘नवीन’ म्हणून फिरत असेल.