टर्बोचा मॅनिफोल्ड घरी बनवायचाय: रॉड, सीओटू की आर्गॉन?

जुन्या बाजारातून टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) मिळतो, इंजिन शेडमध्ये पडलेलंच असतं. अडतं ते दोघांच्या मधल्या तुकड्यावर. इंजिनच्या हेडला बसेल आणि टर्बोही पेलेल असा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर टर्बोकडे नेणारा पाइपांचा जोड, तयार मिळत नाही. मग पाइप कापून, जोडून तो स्वतःच करायचं ठरतं आणि प्रश्न येतो की वेल्डिंग शिकायचं तर कोणतं. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत चक्कर मारली तर तिन्ही बघायला मिळतात. रॉडचं आर्क, सीओटू (वायर आपोआप येणारं मिग) आणि आर्गॉन (टंगस्टनच्या टोकाने वितळवणारं टिग). तिन्हींनी पाइपला पाइप जोडला जातो. पण मॅनिफोल्डचा निवाडा जोडाच्या आतल्या बाजूवर होतो. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि आत सुटलेला स्लॅगचा (जोडावर साचणाऱ्या रॉडच्या मळीचा) कण थेट त्याच्या पात्यावर जाऊन आदळतो. गेट आणि ग्रिल करताना ही भानगड नसते, म्हणून ग्रिलवाल्याचा सल्ला इथे अर्धाच कामाचा.

रॉडपासून सुरू करू, कारण मशीन बहुतेकांकडे असतं किंवा उसनं मिळतं. 2.5 मिमीचा 6013 रॉड, 70-90 अँपिअर, आणि साडेतीन मिमी जाडीचा पाइप जोडला जातो. ताकद पुरते. अडचण आत आहे: रूटला, म्हणजे जोडाच्या तळाला, स्लॅग अडकतो, शिंतोडे उडतात, आणि वळलेल्या पाइपच्या आत छिन्नी पोचत नाही. शिवाय लहान बेंडभोवती फिरताना रॉड सतत जळून आखूड होतो, हाताचा कोन बदलत राहतो. नवख्याला गोल पाइपवर रॉड चालवणं सपाट पट्टीपेक्षा कितीतरी अवघड जातं. टर्बोला लावलेला ब्रॅकेट, इंजिनचा स्टँड, वेल्डिंगचं टेबल, हे सगळं रॉडने खुशाल करा.

सीओटू शिकायला सर्वांत सोपं. बंदुकीचा खटका दाबला की वायर येत राहते, दोनेक आठवड्यांत जोड दिसायला छान येऊ लागतो. धोका नेमका तिथेच आहे. वायर थंड धातूवरही साचते, त्यामुळे वरून गुबगुबीत दिसणारा जोड खाली वितळलेलाच नसतो. सुरुवातीचा सेंटिमीटरभर भाग तर हमखास थंड. 10-12 मिमीच्या फ्लॅन्जला (बोल्टने बसणाऱ्या जाड पट्टीला) पातळ पाइप जोडताना हे जास्त होतं, कारण फ्लॅन्ज सगळी उष्णता ओढून घेते. कडा तिरक्या घासल्या, फ्लॅन्ज आधी तापवली आणि 0.8 मिमी वायरने नीट करंट ठेवला तर सीओटूने केलेले जाड पाइपचे मॅनिफोल्ड टिकतात. टेस्ट तुकडा करवतीने आडवा कापून बघायची सवय मात्र हवी.

आर्गॉनमध्ये स्लॅग नाही, शिंतोडे जवळजवळ नाहीत, आणि उष्णता व फिलर (जोडात भरायची तार) वेगवेगळ्या हातात असतात. वितळलेला रस डोळ्यांसमोर असतो. तो दोन्ही कडांना भिडला की मगच फिलर द्यायचा, त्यामुळे रस आत खोलवर गेला की नाही हे तिथल्या तिथे कळतं. बदल्यात वेळ द्यावा लागतो. टंगस्टन रसात बुडतं, पुन्हा घासायचं, पुन्हा बुडतं. (लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, त्याची धूळ किरणोत्सारी. निळं किंवा सोनेरी टोकाचं, म्हणजे लँथनमवालं घ्या.) कडा गंजाशिवाय, तेलाशिवाय चकचकीत हव्यात. आणि वारा चालत नाही: एप्रिलच्या सांगलीत, पत्र्याच्या शेडमध्ये, पंखा बंद करून बसायची तयारी असेल तरच या वाटेला जा. सीओटूलाही वारा नको, पण तिथे थोडं खपून जातं.

विजेची भीती उगाच घातली जाते. आर्गॉनच्या आर्कला व्होल्टेज कमी लागतं: 120 अँपिअरला साधारण 15 व्होल्ट, तर त्याच करंटला रॉडला 25 च्या आसपास. म्हणजे घरच्या सिंगल फेजवर रॉड चालत असेल तर आर्गॉन त्याहून कमी ओढतं. खरा खर्च मशीनपेक्षा सिलिंडर, रेग्युलेटर आणि गॅसचा. मिनिटाला 8-10 लिटर सोडला तरी शिकताना सिलिंडर बघता बघता उतरतो. स्वस्त मशीन बहुधा फक्त डीसी असतं. त्यावर लोखंड आणि स्टेनलेस होतं, इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) ॲल्युमिनियम पाइप होत नाहीत. त्यासाठी एसी लागतं आणि किंमत उडी मारते.

आता पाइप. इथे लोक स्टेनलेसला भुलतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिला मॅनिफोल्ड साध्या लोखंडाचा करा. शेड्यूल 40 चा (हे भिंतीच्या जाडीचं माप) सव्वा इंची सीमलेस बेंड घेतला तर बाहेरचा व्यास 42.2 मिमी, भिंत 3.56 मिमी. चुकीला जागा देणारी जाडी. स्टेनलेस तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त वाढतं. 30 सेंटिमीटरचा तुकडा 600 अंशांनी तापला तर लोखंड अडीच मिमीच्या आतबाहेर वाढतं, 304 ग्रेडचं स्टेनलेस तीन मिमीच्या पुढे जातं. ती वाढ कुठेतरी मावायला हवी, नाहीतर जोडाशेजारी चीर जाते. म्हणून दोन पोर्टमधली फ्लॅन्ज कापून सुटी ठेवतात आणि टर्बोचं वजन ब्रॅकेटवर घेतात. शिवाय स्टेनलेसला आतूनही आर्गॉन भरावा लागतो, नाहीतर आतला जोड काळा, भुसभुशीत होतो आणि त्याचे कण पुन्हा टर्बोकडेच जातात. म्हणजे गॅस दुप्पट. रेलिंगचा स्टेनलेस पाइप तर अजिबात नको. तो पातळ असतो, बऱ्याचदा 202 ग्रेडचा, आणि चुंबक लावून 304 वेगळं ओळखता येत नाही.

दुकानात नुसतं 'एल्बो द्या' म्हटलं की नळाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, एल्बो हातात येतो. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा, बटवेल्ड (टोकाला टोक भिडवून वेल्ड करायचा) बेंड मागा.

फिलर लोखंडाला ER70S-2 किंवा S-6, 304 ला 308L, लोखंडी फ्लॅन्जवर स्टेनलेस पाइप असेल तर 309L.

चौथा पर्याय बिडाचा: दुसऱ्या इंजिनचा कंपनीचा मॅनिफोल्ड शोधून ॲडॅप्टर प्लेट लावणं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवल्यापासून या जिल्ह्याला ओतकामाचा वारसा आहे, पण एका नगासाठी पॅटर्न (साच्याचा नमुना) करून ओतून घेणं परवडत नाही. पोर्ट जुळत असतील तर मात्र बीड सगळ्यांत टिकाऊ.

शिकायचं कुठे? आयटीआयचा वेल्डर ट्रेड वर्षभराचा, पोटापाण्यासाठी शिकणाऱ्याला योग्य. फक्त हा एक मॅनिफोल्ड हवा असेल तर मधली वाट बरी. बेंड कापणं, घासणं, हेडवर बोल्टने आवळून मांडणी करणं, टर्बोचा तेल परतीचा पाइप सरळ खाली येतोय ना हे बघून टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारणं, एवढं स्वतः करा. पूर्ण जोड आर्गॉनवाल्याकडून भरून घ्या. भरताना फ्लॅन्ज जाड प्लेटवर आवळलेली ठेवायला सांगा आणि पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू देऊ नका. तरीही ती थोडी वाकतेच. मिलिंगवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यायचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आधी वाचा. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल त्यात बसत नाही. कॉलेजची रेसिंग गाडी किंवा शेडमधलं टेस्ट इंजिन असेल तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.