दुतोंडी डबीतली व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट: कुठे चालते, कुठे नाही

इंजिनचा व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (तो बंद होताना टेकतो ती कड) एकमेकांवर घासून घट्ट बसवायची ही पेस्ट. एका तोंडाला जाड, दुसऱ्याला बारीक. जुन्या गाडीचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवलंच असेल तर ही डबी हवीच, पण कार्बन काढायला ती नाही. तो आधी रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने काढा आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सीटचा, याची खूण ठेवा.

जाड पेस्ट सीटवर खड्डे दिसले तरच; एरवी बारीक पुरते. व्हॉल्व्हच्या कडेला तीन-चार ठिपके बस्स. रबरी चोषणीच्या दांड्याने व्हॉल्व्ह दोन्हीकडे अर्धा-अर्धा फिरवायचा, मधूनमधून उचलून जागा बदलायची. खरखर मऊ झाली की पुसून बघा: सलग राखाडी पट्टा, साधारण दीड मिलिमीटर रुंद. पट्टा एकाच बाजूला उमटला तर घासत बसू नका. व्हॉल्व्ह वाकलाय किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ढिला आहे. जळालेल्या कडेवरही पेस्ट कुचकामी.

खरा दोष म्हणजे पेस्टचा चिवटपणा. गाइडमध्ये कण राहिले तर व्हॉल्व्हची दांडी आणि गाइड दोन्ही खातात, म्हणून दोनदा धुवा. स्प्रिंग बसवल्यावर हेड उलटं ठेवून रॉकेल ओता. पाच मिनिटांत पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) ओल दिसता कामा नये. घासल्यावर व्हॉल्व्ह किंचित आत बसतो, टॅपेटची फट (दांडी आणि तिला ढकलणारा भाग यांच्यातली) कमी होते. ती पुन्हा लावायचीच.