प्रोटोबफचं ऑप्शनल: दोन बाइटची काटकसर आणि चाळीस रुपयांचा भुर्दंड

गणपतीत मोफत डिलिव्हरीची ऑफर लावली आणि दादर-माहीमच्या गिऱ्हाइकांच्या बिलात चाळीस रुपये लागून आले. राग शांत झाला की लिहू म्हटलं होतं. तो काही पूर्ण शांत होत नाहीये, म्हणून आता लिहितोच.

आमचा सर्व्हर गोमध्ये, अँड्रॉइड ॲप कोटलिनमध्ये, बिलिंग पायथनमध्ये, आणि सगळ्यांच्या मध्ये प्रोटोबफ, म्हणजे या प्रोग्रॅमांनी एकमेकांना डेटा पाठवायचा बाइटचा फॉरमॅट. वेग, साइझ वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. माझं भांडण फक्त शून्याशी आहे. प्रोटो-३ मध्ये, म्हणजे त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, साध्या फील्डात (माहितीच्या रकान्यात) शून्य भरलं तर ते वायरवर, म्हणजे पाठवलेल्या बाइटमध्ये, जातच नाही. आमच्याकडे डिलिव्हरी चार्ज शून्य म्हणजे मोफत, आणि चार्ज भरलाच नाही म्हणजे नेहमीचे चाळीस. समोरच्याला दोन्ही सारखंच दिसतं. सहा नंबरच्या फील्डात चाळीस भरा, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ३० २८ दिसेल: ३० ही त्या फील्डाची खूण, २८ म्हणजे चाळीस. शून्य भरा, काहीच नाही. ३० ०० असे दोन बाइट लिहायला काय जात होतं? सुटे पैसे मोजून घेणारा मी, पण इतका चिक्कूपणा मलाही जमला नसता.

इलाज म्हणजे ऑप्शनल: फील्डाला हा शब्द लावला की ते भरलंय की नाही हे वेगळं कळतं. प्रोटो-२ मध्ये होतं, प्रोटो-३ ने काढलं, लोक रॅपर टाइप (आकडा वेगळ्या मेसेजात गुंडाळायचा) वापरून दिवस काढत राहिले. मग २०२० मध्ये ३.१२ ला प्रायोगिक फ्लॅगमागे परत आलं आणि २०२१ च्या ३.१५ पासून फ्लॅगशिवाय चालतं. आम्ही लावलं आणि ३० ०० दिसायला लागलं. पायथनचं तर कौतुकच वाटलं: ऑप्शनल नसलेल्या साध्या फील्डावर हॅजफील्ड (हे भरलंय का?) विचारलं की ते तोंडावर व्हॅल्यूएरर फेकतं. गोचा गेटर (फील्ड वाचून देणारं फंक्शन) मात्र गोडबोल्या, फील्ड नसलं तरी हसत शून्य देतो. तिथे पॉइंटर नील (रिकामा) आहे का ते स्वतःच बघायचं.

इथवर चार स्टार देणार होतो.

पण ऑर्डर बिलिंगला जाण्याआधी एका व्हेंडरकडून जाते. तो तिच्यावर रूट नंबर टाकतो आणि पुढे ढकलतो. त्याच्याकडे प्रोटो फाइल (फील्डांची यादी) जुनी, ऑप्शनल नसलेली. वायर फॉरमॅट तोच, त्यामुळे ना एरर, ना लॉगमध्ये काही. त्याच्या कोडने आमचं शून्य नीट वाचलं आणि परत लिहिताना गाळलं. बिलिंगने बघितलं, चार्ज नाही, लावा चाळीस. फाइल बदला म्हटलं तर म्हणे सीआर (चेंज रिक्वेस्ट) काढा, कोटेशन पाठवतो. एका शब्दाचं!

शेवटी चार्जच्या प्रकाराचा वेगळा इनम (ठरावीक पर्यायांची यादी) केला: शून्य म्हणजे अनिर्दिष्ट, एक नेहमीचा, दोन मोफत. व्हेंडरच्या फाइलीत हे फील्डच नाही, तरी ते सुखरूप पोचलं, कारण ३.५ पासून प्रोटो-३ अनोळखी फील्ड जसंच्या तसं पुढे देतं. ओळखीचं गाळलं, अनोळखी सांभाळलं. हसावं की रडावं कळेना.

तीन स्टार. नवी स्कीमा (फील्डांची रचना) करणाऱ्यांनी थेट प्रोटो-३ नंतरची एडिशन २०२३ घ्यावी, तिथे फील्ड भरलंय की नाही हे मुळातच कळतं. व्हेंडरचं कोटेशन आलंय. जीएसटी वेगळा.