व्हीसीवर उभं राहायचं की कोर्टात? टप्पा पाहून ठरवा

जुनिअर मुलं आठवड्यातून एकदा तरी विचारतात, "सर, या तारखेला लिंक मागू का?" म्हणजे कोर्टात न जाता व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) उभं राहू का? बहुतेक वेळा हा प्रश्न अंतर आणि सोय पाहून विचारलेला असतो. पण आधी पाहायला हवं ते प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे. कोविडच्या दोन वर्षांत मी दोन्ही पद्धतींनी काम केलं, काही ठिकाणी नुकसानही सोसलं, आणि त्यातून माझं मत पक्कं झालं. एकाच दाव्यात एक तारीख व्हीसीवर आणि पुढची प्रत्यक्ष, असं करायला अजिबात कचरू नये.

सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० ला व्हीसीबाबत निर्देश दिले तेव्हाच ही विभागणी केली होती. व्हीसी प्रामुख्याने युक्तिवादासाठी वापरायची. पुरावा मात्र दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय व्हीसीवर नोंदवायचा नाही. पुढे उच्च न्यायालयांनी आपापले नियम केले, तरी त्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे.

युक्तिवादाच्या बाबतीत मी बिनदिक्कत व्हीसीच्या बाजूचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. त्याआधी सिंधुदुर्गातल्या वकिलाला दहा मिनिटांच्या अॅडमिशनसाठी (प्रकरण दाखल करून घ्यायचं का, या पहिल्या सुनावणीसाठी) रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे, आणि त्या दिवशीच्या यादीत आपल्या प्रकरणाचा नंबर आला नाही की तसंच परत यावं लागे. तो सगळा खर्च शेवटी पक्षकाराच्या माथी. ६ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही उच्च न्यायालयाने वकील वा पक्षकाराला व्हीसीची किंवा हायब्रिड (काही जण कोर्टात, काही व्हीसीवर) सुनावणीची सोय नाकारू नये. त्यामुळे लिंक मागताना आता संकोचाचं कारण नाही. फक्त लेखी युक्तिवाद आणि निवाड्यांचं संकलन आदल्या दिवशी, पानांचे क्रमांक घालून पाठवा. समोर उभं असताना पुस्तक उघडून पुढे करता येतं. पडद्यावर मात्र न्यायाधीश साहेबांना पान सापडेपर्यंत तुमचा मुद्दा विरून गेलेला असतो. निशाणी ५ चा, म्हणजे दाव्यातला तात्पुरत्या मनाईहुकमाचा, अर्ज गुंतागुंतीचा असेल, नकाशा दाखवायचा असेल, तर मात्र मी गाडी काढतो.

पुराव्याचा विषय निराळा आहे. २०२० च्या शेवटी जमिनीच्या एका दाव्यात मी साक्षीदाराच्या व्हीसीवरच्या उलटतपासाला संमती दिली. साक्षीदार वयस्कर होता, बाहेर साथ होती, नाही म्हणणं मनाला पटेना. वाद होता साठेखताचा, म्हणजे जमीन विकण्याच्या कराराचा. आमच्याकडे दस्ताचा स्कॅन होता, तोच स्क्रीनवर दाखवला, सही विचारली, "हो, माझीच" असं उत्तर आलं. प्रत्येक उत्तराआधी त्याची नजर डावीकडे जात होती. मी कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगितलं तेव्हा नेमकं नेटवर्क गेलं. परत जोडणी झाली तेव्हा खोलीत साक्षीदाराशिवाय कुणी नव्हतं.

काही महिन्यांनी न्यायालयाच्या परवानगीने तोच साक्षीदार पुन्हा बोलावला, या वेळी प्रत्यक्ष. मूळ दस्त हातात दिल्यावर त्याने सवयीने तो उलटा केला. पाठीमागे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का आणि विक्रीची तारीख होती, आणि ती तारीख करारावर लिहिलेल्या तारखेच्या नंतरची होती. स्कॅन करणाऱ्याने पाठ स्कॅनच केली नव्हती. मूळ कागद आधीच तपासायला हवा होता, ती चूक माझीच. पण व्हीसीवर तो कागद कुणीच उलटला नसता, हेही तितकंच खरं.

म्हणून सही, दस्त, ओळख किंवा साक्षीदाराचा खरेपणा यांवर प्रकरण टेकलेलं असेल, तर व्हीसीला संमती देऊ नका. याउलट साक्षीदार तज्ज्ञ किंवा औपचारिक असेल, परदेशी असेल, तर व्हीसी हाच शहाणपणाचा मार्ग. मुंबईतल्या डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हीसीवर घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच दिला होता. संमती देताना अटी पुरसिशीत (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात) लिहून द्या आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीत) येतील हे पाहा. साक्षीदाराच्या खोलीत न्यायालयाचा किंवा तटस्थ समन्वयक असावा, दस्ताच्या दोन्ही बाजू आधी पोहोचलेल्या असाव्यात, जोडणी तुटली तर तो प्रश्न पुन्हा विचारता यावा.

रिमांडमध्ये, म्हणजे आरोपीची कोठडी ठरवण्याच्या सुनावणीत, निवडीला जागा थोडी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पोलीस कोठडीसाठी आरोपीला पहिल्यांदा आणि नंतर दर वेळी प्रत्यक्षच हजर करावं लागतं. न्यायालयीन कोठडी वाढवताना व्हीसी चालते. तरीही आपला पक्षकार मारहाणीची तक्रार करत असेल, तर कोठडी कोणतीही असो, प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज द्या. अंगावरचे वळ कॅमेऱ्यात दिसत नाहीत, आणि तुरुंगातल्या खोलीत शेजारी कोण उभं आहे हेही दिसत नाही.

कौटुंबिक प्रकरणात समेटाची बोलणी प्रत्यक्षच व्हावीत. समेट फिसकटला आणि दोघांची संमती असली तरच व्हीसी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं.

नोटिशीत व्हॉट्सअॅप की आरपीएडी (पोचपावतीची रजिस्टर पोस्ट)? सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०२० च्या आदेशाने व्हॉट्सअॅपवर बजावणीला वाट दिली, पण त्याच दिवशी ईमेलही पाठवण्याच्या अटीवर. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१८ मध्येच दोन निळ्या खुणा पाहून दरखास्तीतली (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जातली) नोटीस बजावल्याचं मानलं होतं. तरी चेक बाउन्सच्या नोटिशीत मी पोस्टावरच विसंबतो. तिथे नोटीस मिळाल्यापासूनचे १५ दिवस मोजायचे असतात, आणि पोचपावतीवरची तारीख खोडून काढणं कठीण जातं. व्हॉट्सअॅप सोबत जोड म्हणून पाठवा. पोलिसांनी द्यायची हजेरीची नोटीस मात्र व्हॉट्सअॅपवर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता मुदत, म्हणजे दावा किंवा अपील दाखल करण्याची कायद्याने ठरवलेली वेळ. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने काही काळ या मुदतीतून वगळला. त्या काळातले दावे अजून चालू आहेत आणि मुदतीचा मुद्दा अजून निघतो. वगळलेला काळ दाखवायचा की विलंब माफीचा अर्ज करायचा? दाव्याला पहिलाच रस्ता खुला आहे, कारण विलंब माफीचं, मुदत कायद्याचं कलम ५ दाव्यांना लागूच होत नाही. अपिलात मी वगळलेला काळ आधी मांडतो आणि पर्यायी म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ, म्हणजे ७१६ दिवस, वगळला. पण ही सवलत सगळीकडे चालत नाही. तपास मुदतीत संपला नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाचा हक्क तिने लांबत नाही, हे १९ जून २०२० च्या एस. कासी निकालात आलं. माफ करता येण्याजोग्या विलंबाची कमाल मर्यादाही तिने वाढत नाही, हे त्याच वर्षी १८ सप्टेंबरला सगुफा अहमद प्रकरणात ठरलं.

वादपत्रात (दाव्याच्या मूळ अर्जात) मुदतीचा परिच्छेद लिहिताना "कोविडमुळे मुदतीत" एवढ्यावर सोडू नका. दाव्याचं कारण १ जून २०१९ ला घडलं, १५ मार्च २०२० ला तीन वर्षांच्या मुदतीपैकी दोन वर्षं अडीच महिने शिल्लक होते, ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजले की मे २०२४ चा मध्य येतो, दावा त्याआधी दाखल आहे: हा हिशेब तारखांसह तिथेच मांडा.