शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू

मी २८ वर्षं बँकेत काउंटरवर काढली. मुदत ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना आला की समोरच्या आजोबांना मी ठरलेलं वाक्य ऐकवायचे : "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो आजोबा. त्याने फक्त पैसे घ्यायचे आणि ज्यांचे त्यांना द्यायचे." हजार वेळा तरी म्हटलं असेन. आणि नेमक्या त्याच नॉमिनीच्या भानगडीत, फ्लॅट घेताना, आमचे ११ लाख अडकले. घरात हा विषय निघाला की हे अजूनही टीव्हीचा आवाज वाढवतात. दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. आता सांगते, कारण तोच फ्लॅट पुन्हा विकायला निघाला आहे.

आम्ही कळव्याचे, म्हणजे खाडीपलीकडचे. ठाण्यात आयुष्य गेलं तरी 'ठाण्यात राहतो' असं म्हणताना जीभ जरा अडखळायची. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर ठरवलं, आता जुन्या ठाण्यात, नौपाड्यात घर घ्यायचं. घोडबंदर रोडचे टॉवर पाहून झाले होते. तिथे पोहण्याचा तलाव आहे, क्लब हाऊस आहे, पण कोथिंबीर आणायची तर रिक्षा करा. नौपाड्यात स्टेशन चालत, भाजी चालत, घंटाळीचं देऊळ चालत, गडकरी रंगायतनचं नाटक सुटलं की घरीही चालतच. साठीकडे झुकलेल्या माणसांना आणखी काय हवं?

फ्लॅट गोखले रोडच्या आतल्या गल्लीत होता. १९८६ ची बिल्डिंग, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आपला दुसरा मजला. कार्पेट ५१० चौरस फूट, भाव १ कोटी ८ लाख. एजंट म्हणाला, "मॅडम, रिडेव्हलपमेंट आज ना उद्या होणारच. तुम्ही जुनं घेताय, मिळणार नवं." जुन्या ठाण्यातली प्रत्येक बिल्डिंग गेली दहा वर्षं 'आज ना उद्या'वरच उभी आहे, हे मला माहीत होतं. तरी कानाला गोड लागलं.

विकणारा पन्नाशीचा, बोलायला मऊ. पहिल्याच भेटीत मला 'ताई' म्हणायला लागला. हॉलमध्ये आईवडिलांचे फोटो, चंदनाचे हार. बायकोने कांदेपोहे आणले, वर ओलं खोबरं. शोकेसमध्ये नऊवारीतल्या एका नवरीचा फोटो होता. मी सहज विचारलं, ही कोण? "मामेबहीण," तो म्हणाला आणि विषय खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर नेला. खिडकी खरंच छान होती, बाहेर बकुळीचं झाड.

खरं सांगायचं तर तिथेच माझा कागदांवरचा डोळा मिटला. आपल्यातली माणसं, जुनी वस्ती, भिंतीवर आईवडील. असा माणूस फसवेल असं मनातच येत नाही. एखाद्या अनोळखी बिल्डरच्या ऑफिसात बसले असते तर मी दहा प्रश्न विचारले असते.

कागद दिसायला चोख होते. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, पहिलं नाव वडिलांचं आणि आता सभासद तो स्वतः, असं त्याने सांगितलं. सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल त्याच्याच नावाने येत होतं. सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली ती फक्त पुढच्या बाजूची. "ओरिजिनल लॉकरमध्ये आहे ताई, व्यवहाराच्या वेळी आणतोच." लाईट बिल आणि महापालिकेचं टॅक्स बिल अजून वडिलांच्या नावाने होतं. विचारल्यावर म्हणाला, "राहून गेलं, हेलपाटे कोण घालणार?" आमच्याही घरी गॅस अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, त्यामुळे मला ते पटलं. पटायला नको होतं.

जानेवारी २०२३ मध्ये १ लाख टोकन दिलं. मग रोज एजंटचा फोन : मुलुंडची पार्टी पूर्ण रक्कम घेऊन उभी आहे, पाडव्याच्या आत उरकायचं म्हणते. फेब्रुवारीत १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर समजुतीचा करार केला, नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि १० लाख आरटीजीएस केले. करारात लिहिलं होतं, 'मी सदर सदनिकेचा एकमेव मालक असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही.' खाली आणखी एक कलम होतं : ६० दिवसांत आम्ही रजिस्ट्रेशन केलं नाही, तर दिलेली रक्कम जप्त. ते मी वाचलं आणि सही केली. असा नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे, त्याने घर आपलं होत नाही. खरेदीचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. हेही मला माहीत होतंच. माझ्या माहितीत कमतरता नव्हती हो.

वकील आले ते कर्जापायी. यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती, तेवढ्यावर ३० लाखांचं कर्ज घ्यायचं, बाकी कळव्याचं घर विकून. बँकेच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी १९८६ पासूनचा सर्च काढला, म्हणजे दुय्यम निबंधकाकडचे जुने दस्त तपासले. सर्चमध्ये बोजा नाही, खटला नाही, सगळं निरंक. मी पेढे आणायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, "निरंक आहे, पण शेवटचं नाव वडिलांचं आहे. १९८६ नंतर नोंदच नाही. मग या गृहस्थांकडे घर आलं कसं?"

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक 'सर्च क्लिअर' ऐकून थांबतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले दस्त सर्चमध्ये दिसतात. माणूस वारला आणि सोसायटीने आपल्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव लावलं, तर तिथे काहीच नोंदलं जात नाही. तो सगळा प्रकार सोसायटीच्या कपाटात राहतो. आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला, जिथे हस्तांतराचा तक्ता असतो.

बाईंनी मागची बाजू मागितली. दोन आठवडे टोलवाटोलवी झाली, मग व्हॉट्सअॅपवर तिरका फोटो आला. तक्त्यात २०१४ ची तारीख, त्याचं नाव आणि शेजारी बारीक अक्षरात : 'नामनिर्देशनानुसार'.

म्हणजे वडिलांनी मुलाला नॉमिनी केलं होतं. ते गेल्यावर सोसायटीने नॉमिनीच्या नावाने शेअर केले. सोसायटीचं त्यात चुकलं नाही. नॉमिनेशन असेल तर सोसायटीने नॉमिनीलाच सभासद करून घ्यायचं, मालकीचा वाद वारसांनी दिवाणी न्यायालयात सोडवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांचं वेगळं प्रकरण आलं, त्यात तर नॉमिनीला स्पष्टच 'तात्पुरता सभासद' म्हटलं आहे. वारस ठरेपर्यंत राखणदार, एवढंच.

बाईंनी त्याला सरळ विचारलं, भावंडं किती? तेव्हा बहीण निघाली. नाशिकला असते. त्याचं म्हणणं, तिचं लग्न १९९१ ला झालं, १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना महाराष्ट्रात हक्क नाही. ऐकायला इतकं कायदेशीर वाटतं की क्षणभर हे सुद्धा मान डोलवायला लागले. बाई हसल्या. ती १९९४ ची अट वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी होती. वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेला फ्लॅट आणि मृत्युपत्र नाही, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलीला मुलाइतका वाटा आहे. वडील गेले तेव्हा आई, मुलगा, मुलगी असे तीन वाटे झाले. २०२० मध्ये आई गेली, तिच्या वाट्याचे दोन झाले. म्हणजे निम्मं घर नाशिकच्या बाईंचं. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं तर प्रश्न मिटला असता. त्याने आणलं ते एक नोटरी केलेलं 'ना हरकत', खाली बहिणीची सही. स्थावर मिळकतीवरचा हक्क अशा कागदाने सुटत नाही.

मग बाईंनी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली, १४ दिवसांची मुदत घालून. नवव्या दिवशी बहिणीच्या वकिलांची हरकत आली. ती 'ना हरकत' वरची सही तिची नव्हतीच. पुढे ती स्वतः ठाण्यात आली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं. शोकेसमधली नवरी, फक्त केस पांढरे झालेले. तिला माझा राग आला नाही, मलाच तिच्याकडे बघवेना.

पण मला खरा धक्का दिला तो सोसायटीने. सेक्रेटरी काकांकडे गेले तर त्यांनी फाईल काढून दाखवली. बहिणीचं २०२१ चं पत्र : माझ्या संमतीशिवाय विक्रीला परवानगी देऊ नये. पोचेची सही काकांचीच.

"काका, आम्ही फेब्रुवारीत तुमच्याकडे चहा पिऊन गेलो. एक शब्द बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे? मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. आणि घरगुती वादात आपण कशाला पडा?"

चहा पिताना त्यांनी आम्हाला पाण्याच्या वेळा सांगितल्या होत्या, हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही म्हणून वरचे 'ऐच्छिक देणगी'त घेतो हेही सांगितलं होतं. आदल्या वर्षी एक पार्टी याच कारणाने माघारी गेली, हे पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी नंतर सांगितलं. ती पार्टी आणलेली त्याच एजंटने. त्याला २५ हजार आगाऊ दिले होते, ते गेले.

पैसे परत मागितले तर विकणाऱ्याने ६० दिवसांचं कलम दाखवलं. पोलीस चौकीत तास-दीड तास बसवून घेतलं आणि म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. तोवर आम्ही कळव्याच्या घराचं टोकन घेतलं होतं, ते परत करताना त्या लोकांची बोलणी खाल्ली.

वकिलाच्या नोटिशीनंतर तो नरमला आणि 'ताई, हप्त्याने देतो' म्हणून पुढच्या तारखांचे चार चेक दिले. इथे मात्र माझं बँकेतलं डोकं चाललं. पहिले दोन वटले, ७ लाख आले. तिसरा परत आला त्याच दिवशी मी बँकेकडून चेक न वटल्याचा मेमो घेतला. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग त्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. न वटलेल्या चेकसाठीच्या १३८ कलमाचं हे वेळापत्रक चुकलं की चेक म्हणजे रद्दी. आम्ही एकही तारीख चुकवली नाही. ४ लाखांची ती केस ठाणे कोर्टात चालू आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात पाठवली, 'मावशी, हे बघ ना.' नौपाडा, दुसरा मजला, क्लिअर टायटल, रिडेव्हलपमेंट लवकरच. फोटोत तीच खिडकी, तीच बकुळ. भाव १ कोटी १५ लाख. शोकेस होतं, त्यातला नवरीचा फोटो काढलेला. एजंटचा नंबर नवीन होता. मी भाचीला म्हटलं, काही बोलू नकोस, फक्त शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूचा फोटो माग.

दहा मिनिटांत उत्तर आलं : "मॅडम, ओरिजिनल लॉकरमध्ये आहे. टोकनच्या वेळी दाखवतो."